पांढऱ्यावरचे पांढरे

धातूचे रंगवलेले शिपाई जमवणारा माणूस बहुधा लाल डगल्यापासून सुरुवात करतो. लाल डगला, पितळी बटणे, उंच टोपी. दुकानाच्या काचेआडूनही तो लक्ष वेधून घेतो. हिवाळ्यात लढलेल्या पायदळाच्या शिपायाचे तसे नाही. अंगावर पांढरे, पायाखाली पांढरे, शिरस्त्राणावर चुन्याचा हात. पण एकदा त्याच्यावर नजर बसली की बाकीचे फिके वाटू लागतात. त्याला दोन शत्रू असतात आणि थंडी हा त्यांतला मोठा. ती मूर्तीत दिसत नाही, शिपायाच्या आखडलेल्या खांद्यांवरून आणि बोटांवरून ओळखावी लागते.

या संग्रहाचे कसब मला एकाच गोष्टीत दिसते: पांढऱ्यावरचे पांढरे ओळखणे. कापड, बर्फ, चुना आणि धातूला लागलेला रोग, या चार पांढऱ्या गोष्टी साठ मिलिमीटरच्या मूर्तीवर शेजारीशेजारी असू शकतात. पुढची सगळी कृती त्या ओळखीसाठी आहे.

साहित्य थोडे लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, चेहऱ्याला पावडर लावायचा असतो तसा मऊ ब्रश, कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ उडवायचा रबरी फुगा, रबराचे पातळ हातमोजे, नोटा तपासायचा अतिनील टॉर्च, कपाटात ठेवायचा छोटा आर्द्रतामापक आणि एक वही. वही सगळ्यांत आधी घ्या.

१. एक आघाडी आणि एक महिना ठरवा

‘दुसऱ्या महायुद्धातले हिवाळी शिपाई’ एवढाच विषय धरला तर कपाट भरते, संग्रह होत नाही. फिनलंडचे हिवाळी युद्ध ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० असे चालले. मॉस्कोसमोरचा सोव्हिएत प्रतिहल्ला डिसेंबर १९४१ चा. स्टालिनग्राडची लढाई २ फेब्रुवारी १९४३ ला संपली. बेल्जियम आणि लक्झेंबर्गमधली आर्देनची लढाई १६ डिसेंबर १९४४ ते २५ जानेवारी १९४५ ची. या चार हिवाळ्यांतले चार शिपाई एका फळीवर उभे केले तर चौघांचाही एकमेकांशी संबंध लागत नाही. कपडे वेगळे, बर्फ वेगळे, भीतीही वेगळी.

नव्या माणसाला मी आर्देन सुचवतो. या लढाईचे शिपाई बाजारात भरपूर मिळतात आणि तिच्या तारखा हवामानाशी घट्ट बांधलेल्या आहेत. सुरुवातीच्या दिवसांत तिथे धुके आणि चिखल होता. मग थंडी कडक झाली, २३ डिसेंबरला आभाळ निवळले आणि बास्तोन्यमध्ये वेढल्या गेलेल्या अमेरिकी सैन्याला विमानांतून रसद टाकता आली. २६ डिसेंबरला अमेरिकी जनरल पॅटन यांच्या सैन्याने वेढा फोडला. गुडघाभर बर्फात चालणारा, पांढरे पांघरलेला शिपाई मुख्यतः जानेवारीतला आहे. तेव्हा कुणी ‘१७ डिसेंबरची पहिली धडक’ म्हणून नखशिखांत पांढरा शिपाई विकत असेल तर थांबा. मूर्ती सुंदर असेल, पण तिच्यावरची चिठ्ठी चुकीची आहे. तुमच्या वहीत तिची नोंद जानेवारीखालीच करा.

आपल्या वाचकाला साहजिकच मराठा पलटणी आठवतील. त्याच हिवाळ्यात इटलीच्या आपेनाइन डोंगरांत भारतीय सैन्य होते आणि त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. त्यांच्यातल्या नामदेव जाधव यांना ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो सेनिओ नदीवरचा, ९ एप्रिल १९४५ चा, म्हणजे तो हिवाळा सरल्यावर लगेचचा. डोंगरातल्या त्या थंडीत उभा असलेला मराठा जवान मला अजून कुठे विकत मिळालेला नाही. मिळाला तर त्याच्यासाठी वेगळी फळी करायची, असे मी वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवले आहे.

२. आधी कपडे शिका, बंदूक नंतर

बहुतेक जण आधी बंदूक पाहतात. हिवाळी शिपायाची ओळख मात्र पायांपासून वर सुरू करावी.

सोव्हिएत शिपायाच्या पायांत वालेंकी असतात, म्हणजे नमद्याचे जाड, बिनटाक्याचे बूट. कोरड्या कडक थंडीत त्यांना तोड नाही, पण बर्फ वितळू लागला की ते पाणी पितात. म्हणून वालेंकी घातलेला शिपाई चिखलात उभा दाखवला असेल तर शिल्पकाराने विचार केलेला नाही. फिनिश शिपायाच्या बुटाचे टोक वर वळलेले असते, स्कीच्या पट्ट्यात अडकून राहावे म्हणून. अमेरिकी शिपाई आर्देनमध्ये चामड्याच्या बुटांवर बकलांचे रबरी जोडे चढवत असे, तेही मिळाले तर. ओल्या पायांमुळे पाय सडण्याचा विकार त्यांच्यात फार पसरला होता. जर्मन शिपायाच्या खिळे ठोकलेल्या बुटांतून थंडी थेट तळव्यात शिरत असे.

आता अंगावरचे पांढरे. जर्मन सैन्याला १९४२-४३ च्या हिवाळ्यापासून दुहेरी, आत उबदार थर असलेले सूट मिळू लागले. एक बाजू पांढरी, दुसरी राखाडी किंवा ठिपक्यांची. पांढरी बाजू लवकर मळत असे. शिवाय दोन्हीकडचे लोक पांढऱ्यात असल्यामुळे आपला कोण हे कळावे म्हणून बाहीवर रंगीत पट्टी बटणाने लावत. मूर्तीवर ती पट्टी दिसली तर रंगकाराने अभ्यास केला आहे असे समजायला हरकत नाही. गळ्याशी, मनगटाशी उलटी बाजू डोकावते का, तेही पाहा.

अमेरिकी शिपायाचे पांढरे मात्र शिवलेले नव्हते. लांब लोकरी ओव्हरकोट भिजून जड होत असे आणि पांढरे सूट वेळेवर पोचलेले नव्हते. बास्तोन्यजवळच्या हेमरूल गावात १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे मेजर जॉन हॅनलन यांनी गावकऱ्यांकडे पलंगावरच्या चादरी मागितल्या आणि लोकांनी घराघरांतून त्या आणून दिल्या. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, हॅनलन पुन्हा त्या गावी गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या विंचेस्टर या त्यांच्या गावच्या लोकांनी दिलेल्या चादरी त्यांनी हेमरूलकरांना परत केल्या. ही हकिगत वाचल्यापासून आर्देनचा अमेरिकी शिपाई निवडताना मी चादर शोधतो. ती चादरीसारखीच दिसली पाहिजे: मानेभोवती गाठ, कंबरेला दोरी, कडेला फाटलेले सूत, अंगाबरोबर न बसणारी घडी. डगल्यासारखी बेतून बसवलेली चादर दिसली तर ती मूर्ती मी खाली ठेवतो.

शेवटी हात. उणे तापमानात उघड्या बोटांनी पोलाद धरता येत नाही. हातमोजे नसतील तर हात बाहीत ओढलेले, काखेत दाबलेले किंवा तोंडाशी नेलेले हवेत. आवेशात बंदूक उगारलेल्या शिपायापेक्षा हातांत फुंकर घालणारा शिपाई त्या लढाईचे जास्त सांगतो, आणि तो सहसा स्वस्तही मिळतो, कारण मागणी आवेशाला असते. हा फायदा जरूर घ्या.

३. माप

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण महाराज मोठे मांडतो आणि मावळे लहान, आणि ते शोभते. इथे ते चालत नाही.

जुने माप ५४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १/३२. हाँगकाँगच्या किंग अँड कंट्रीसारख्या आजच्या बऱ्याच कंपन्या १/३० वर काम करतात. त्यांचा उभा शिपाई साधारण ६० मिलिमीटर भरतो. पण वाकलेल्या, गुडघ्यावर बसलेल्या शिपायाची उंची मोजणार कशी? बंदूक मोजा. एम-१ गॅरंड आणि जर्मन कार-९८ या दोन्ही जवळपास ११० सेंटिमीटर लांब. १/३० मध्ये त्या साधारण ३७ मिलिमीटर भरतात, १/३२ मध्ये ३४ ते ३५. सोव्हिएत मोसिन १२३ सेंटिमीटरची, म्हणजे १/३० मध्ये ४१. ओतकामात बंदूक जाड होते, पण लांबी बहुधा पाळलेली असते. विक्रेत्याला फोटोत बंदुकीशेजारी पट्टी ठेवायला सांगा. एका फळीवर एकच माप ठेवा.

४. हातात घेऊन तपासणे

मूर्ती नेहमी तळाच्या पाटाला धरून उचला, बंदुकीला किंवा डोक्याला कधीही नाही. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून पाहा. कागदाशेजारी ठेवल्याशिवाय डोळ्याला पांढऱ्याचा पिवळेपणा कळत नाही. दुरून खरेदी करत असाल तर विक्रेत्याकडून असाच फोटो मागवा, आणि पाटाच्या तळाचाही.

भिंगातून पांढरे वेगवेगळे करा. कापडाचे पांढरे किंचित मळके असावे आणि घड्यांच्या खोलात निळसर राखाडी उतरत जावे. बर्फ त्याहून उजळ, सावलीत निळा. शिरस्त्राणावरचा चुना पातळ आणि असमान. घराला पहिला हात दिल्यावर भिंत जशी खालून दिसत राहते तसा. कडांवर आणि हात लागेल तिथे तो झिजलेला हवा. कापड, बर्फ आणि चुना हे तिन्ही एकाच डब्यातले दिसले तर ती मूर्ती घाईत रंगवलेली आहे. चेहऱ्यावर नाकाचा शेंडा, कान आणि गाल तांबूस असावेत. उन्हात भाजलेल्या माणसाचा रंग इथे चुकीचा.

मग दुरुस्ती शोधा. खोली अंधारी करून अतिनील टॉर्च फिरवा. उजेडात सारखेच दिसणारे पांढरे दोन ठिकाणी वेगवेगळे दिसले तर नंतर कुणाचा तरी हात फिरलेला आहे. मान, मनगट, बंदुकीची नळी हे सांधे नीट पाहा. आजच्या मूर्ती सुट्या भागांत ओतून जोडतात, त्यामुळे सांधा असणे हा दोष नाही; सांध्यावर गोंदाची चमक असणे हा दोष. वाकलेली नळी सरळ करायचा मोह आवरा. वाकवलेला धातू दुसऱ्या वाकवण्यात तुटतो.

जुन्या शिशाच्या मूर्तींसाठी आणखी काळजी हवी. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये पोकळ ओतकाम सुरू केले: तापलेले शिसे साच्यात घालायचे, कडेचा थर गोठला की मधले ओतून टाकायचे. शिसे वाचले, वजन घटले, खेळणे स्वस्त झाले. १९६६ मध्ये त्यांच्या शिशाच्या शिपायांचे उत्पादन थांबले. अमेरिकेत बार्कले कंपनीने पांढऱ्या पोशाखातला स्कीवरचा शिपाई काढला होता. अशा स्कीवाल्या शिपायांच्या स्की बऱ्याचदा हरवलेल्या असतात किंवा मागून बसवलेल्या असतात, त्या आधी पाहा.

आणि आता चौथे पांढरे. शिशाला आम्लाची वाफ लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते. व्हिनेगारमध्ये असते ते अॅसेटिक आम्ल लाकडातून, पुठ्ठ्यातून, काही गोंदांतून हळूहळू बाहेर पडत असते. ते शिशाला लागते, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिळतो, शिशाचे कार्बोनेट तयार होते आणि आम्ल सुटून पुन्हा कामाला लागते. जुन्या काळी रंगासाठीचा सफेदा मुद्दाम असाच करत: शिशाच्या पट्ट्या व्हिनेगारच्या वाफेत ठेवून. बंद कपाटात तेच नकळत घडते, फरक इतकाच की तिथे सफेदा तुमच्या शिपायाचा होत असतो.

लाल डगल्यावर ही भुकटी पहिल्या दिवशी दिसते. हिवाळी शिपायावर ती बर्फासारखी दिसते. माझ्या एका जुन्या स्कीवाल्याच्या घोट्याशी पांढरे दाणे होते. तीन महिने मी ते रंगकाराचे काम समजत होतो. एका संध्याकाळी फळी पुसताना त्याच्या पायाखाली पिठासारखे काहीतरी सांडलेले दिसले. रंगाचा बर्फ सांडत नाही. तोवर घोट्याला आरपार भोक पडले होते आणि शेजारच्या दोघांनाही लागण झाली होती. तो घोटा पुन्हा आला नाही.

म्हणून ही परीक्षा लक्षात ठेवा. रंगवलेला बर्फ वरून बसलेला असतो: खांद्यावर, शिरस्त्राणाच्या माथ्यावर, बुटांच्या पुढच्या भागावर. रोग आतून येतो: रंगाच्या भेगेतून, पाटाच्या खालून, काखेतून, जिथे बर्फ पडूच शकत नाही अशा जागी. भिंगातून रंग सलग दिसतो, रोग दाणेदार दिसतो आणि भोवतालचा रंग त्याने वर उचललेला असतो. शंका आली तर मूर्ती लगेच वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवा, झाकण सैल ठेवून. कोरडी भुकटी खरवडू नका, फुंकू तर मुळीच नका. ती विषारी आहे. हातमोजे घालून ओलसर कापडाने टिपा, कापड बंद पिशवीत टाका, हात साबणाने धुवा. मौल्यवान मूर्ती असेल तर संग्रहालयाचे काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. लहान मुलांच्या हाती शिशाची मूर्ती द्यायची नाही, निरोगी असली तरी.

५. मागवणे

परदेशातून मागवताना पार्सल ‘खेळणी’ म्हणून येते का, हे आधी विचारा. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. या मूर्ती प्रौढ संग्राहकांसाठी असतात, पण वर्गवारी जकात कार्यालय ठरवते. जकातीचे काम करणाऱ्या जाणकाराशी एकदा बोलून घ्या आणि कागदपत्रांत जे खरे आहे तेच लिहा. बिल जपून ठेवा.

पार्सल आले की लगेच उघडू नका, खोलीच्या हवेला यायला काही तास द्या. उघडल्यावर खोक्यातला फोम तपासा. स्पंजासारखा फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन रंगाला धरतो, आणि पांढऱ्यावर त्याचे पिवळे डाग कायमचे राहतात. खोके जपा, कारण पुढे मूर्ती विकायची वेळ आली तर त्यालाही किंमत असते. पण शिपायाला त्यात झोपवून ठेवू नका.

६. कपाट

प्लायवुड आणि एमडीएफचे नवे कपाट सुंदर दिसते आणि शिशाला मारते. ओकचे लाकूड तर त्याहून वाईट. काच आणि पावडर कोटिंग केलेले लोखंड हे सर्वांत निर्धोक. काचा जोडायला सिलिकॉन वापरणार असाल तर नळी उघडून वास घ्या: व्हिनेगारचा वास आला तर ती परत करा, बिनआम्लाची वेगळी मिळते. लाकडी कपाटच असेल तर निदान फळ्यांवर काच टाका, मागे हवा खेळायला फट ठेवा, कोपऱ्यात सक्रिय कोळशाची पुडी ठेवा. फळीवर वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा अंथरू नका.

आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आत असावी. मुंबईच्या जुलैत हे सोपे नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की त्या तापवून सुकवा. थेट ऊन नको, तापणारे दिवे नकोत. नवी मिश्रधातूची मूर्ती आणि जुनी शिशाची मूर्ती एका बंद खणात ठेवू नका.

७. बर्फाची मांडणी

मूर्तीच्या स्वतःच्या पाटावर काहीही चिकटवू नका. मूळ पाट बिघडला की मूर्तीचे मोल जाते. बर्फ वेगळ्या तबकात करा आणि शिपाई त्यात नुसते उभे करा.

खाण्याचा सोडा गोंदात कालवून बर्फ करायची रीत सर्रास सांगितली जाते. ती वापरू नका. तो काही काळाने पिवळा पडतो आणि धातूला लागतो. मी शिरगोळ्याची पांढरी रांगोळी मलमलीतून दोनदा चाळून घेतो आणि मॅट अॅक्रिलिक माध्यमात दाटसर कालवतो. पहिला थर पसरून वाळू द्या. दुसऱ्या थरात बोटभर रुंदीचे उतार करा, वारा एका बाजूने आला आहे असे धरून. थर ओला असतानाच काडीने पावलांच्या खुणा उमटवा. पुढच्याच्या पावलात मागच्याने पाऊल टाकलेले, कारण खोल बर्फात माणसे तशीच चालतात. खुणांच्या तळाशी पातळ निळसर राखाडी रंग सोडा. तबक पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय, म्हणजे दोन-तीन आठवडे, शिपाई आत ठेवू नका.

बर्फ शिपायाच्या कापडापेक्षा उजळ निघतो आहे ना, हे शेवटी कोऱ्या कागदाशेजारी धरून पाहा.

८. खंडेनवमीची तपासणी

धूळ महिन्यातून एकदा फुग्याने उडवा, मग ब्रश वरून खाली अलगद फिरवा. पाणी, साबण, स्पिरिट काहीही लावू नका.

वर्षातली मोठी तपासणी पावसाळा संपल्यावर करायची. घरात हत्यारे-अवजारे पुसून मांडायचा खंडेनवमीचा दिवस मी त्यासाठी धरला आहे. सगळे शिपाई खिडकीशी पांढऱ्या कागदावर ओळीने उभे करायचे. प्रत्येकाला उलटे करून पाटाचा तळ पाहायचा, मग काखा, मग घोटे. वहीत प्रत्येकाचे एक पान: आघाडी, महिना, बंदुकीची लांबी, कुठून घेतला, किंमत, आणि खाली दरवर्षीची एक ओळ. ‘डाव्या काखेत ठिपका, मोहरीपेक्षा लहान, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणे’ अशी. ठिपक्याच्या मापासाठी फोटोत पट्टी ठेवायची. ओळ लिहून झाली की शिपाई उचलून फळीवर जातो, त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून, आणि कागदावर काही सांडले आहे का ते पाहून पुढचा उचलायचा.